खेळातली मराठी नावं

७ नोव्हेंबर ९९, हैफा

इतानने आज सगळ्या मशीनवर नवा एडिटर बसवून घेतला. बसवला नोआने. ती नवीन पोरगी, गेल्या महिन्यात लागलेली. मला कोणी विचारलं नाही. सकाळी येऊन बघते तर माझ्या जुन्या एडिटरचा निळा पडदा गायब आणि जागेवर रंगीबेरंगी जत्रा. इतान म्हणाला, "फ्लोरा, कोड लिहायला आता सगळे हेच वापरतात." मालक माणूस, म्हणणारच. पण इतक्या वर्षांत माझ्या मशीनची त्याला कधी आठवण झाली नाही. आत्ताच का झाली?

९ नोव्हेंबर

एक अक्षर दाबलं की खाली यादी उघडते. मला काय लिहायचंय ते मलाच सांगते. आगाऊ.

यादीत सगळी माझीच नावं, आमच्या खेळाच्या कोडमधली. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. टोपली, मिरची, भटकभवानी. (खेळ बाजाराचा: मुलगी भाजी गोळा करते, मागे राक्षसीण लागते, तिला मिरची फेकून मारायची. भटकभवानी ती राक्षसीण.) आतापर्यंत कुठलं नाव कुठे ठेवलंय ते मी एकटी जाणत होते. आता कोणीही नावावर माउसचा बाण नेला की ते काय आहे, कुठे आहे, सगळं समोर. घराची किल्ली दारालाच लटकवल्यासारखं झालंय.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

शब्बाथची तयारी, सूर्यास्ताआधी दिवे लावायचे. हे बस डेपोतून लवकर आले, कांदा चिरायला बसले. त्यांना सांगितलं.

"अगं, सोपं झालं तर बरंच की. डोक्याचा ताप कमी."

"सोपं झालं तर मला कशाला ठेवतील?"

कांदा चिरत राहिले.

खेळ बिघडला की मलाच बोलवावं लागतं, कारण त्याचा कोड वाचता मलाच येतो. मराठी नावं मी काही डाव म्हणून ठेवली नव्हती, डोक्यात तशीच यायची. पण त्यांच्यामुळे नोकरी टिकलीय हे मला कळतं, आणि इतानलाही कळत असणार. या वयात मला दुसरीकडे कोण घेणार? वयाचं सोडा, माझं हिब्रू अजून धड नाही.

१६ नोव्हेंबर

इतानचा हुकूम: महिनाअखेर सगळी नावं इंग्रजी करायची. नोआ करेल. नवा एडिटर एका फटक्यात बदलतो म्हणे. नोआ बाजूलाच उभी होती, जमिनीकडे बघत. तिनेच सुचवलं असणार.

१८ नोव्हेंबर

मजा. नोआ रजेवर, म्हणून इतान स्वतःच नावं बदलायला बसला. पहिलंच नाव धरलं 'मी'. खेळातल्या मुलीचं नाव मी 'मी' ठेवलंय, म्हणजे मी चालते, मी पडते, असं वाचता येतं. हिब्रूत 'मी' म्हणजे 'कोण'. "इतकी वर्षं मला वाटायचं तू विचारतेयस," इतान म्हणाला. "कोण चालतं, कोण पडतं."

त्याने दिसेल त्या 'मी'चं 'प्लेअर' केलं. मिरचीतला 'मि'सुद्धा इंग्रजी अक्षरांत तोच, तोही गेला. 'कमी'मधला गेला. खेळ आडवा. शेवटी मला बोलावलं. मी जुनी प्रत काढून सगळं जागेवर आणलं, तेही फ्लॉपीवर जपलेल्या माझ्या निळ्या एडिटरात, सगळ्यांदेखत. आनंद झाला. झाला तर झाला.

२२ नोव्हेंबर

नोआ माझ्या मशीनवर काहीतरी दाखवत होती. यादी उघडली, भटकभवानी आलं, आणि ही खुदकन हसली. मी अजून काही सांगितलंही नव्हतं.

"तुला कळलं?"

हिब्रूत म्हणाली, "सावता मला हेच म्हणते. उशिरा घरी गेले की."

सावता, म्हणजे आजी. आपल्यातलीच, अलिबागची, आता किर्यात मलाखी गावात. बाप मोरोक्कोचा, त्यामुळे आडनावावरून कोणाला पत्ता लागला नाही. मी मराठीत विचारत गेले, ती हिब्रूत उत्तरं देत गेली. सगळं समजतं तिला.

२५ नोव्हेंबर

झोप नीट नाही. इतके दिवस ही माझ्या शेजारी बसून माझी सगळी नावं वाचत होती, आणि गप्प. आज विचारलंच, आधी का नाही बोललीस. म्हणाली, "तू विचारलं नाहीस."

"इतानला माहितीये?"

खांदे उडवले. आता ते खांदे डोक्यातून जात नाहीत. त्याने तिला घेतलं ते मराठी कळतं म्हणूनच का?

३० नोव्हेंबर

नावं बदलली नाहीत. नोआने इतानला सांगितलं म्हणे, खेळ विक्रीला जाईपर्यंत हात लावू नये, धोक्याचं आहे.

हे म्हणतात, "पोरीने तुझी बाजू घेतली, आणि तू तिच्यावरच संशय घेतेस?"

घेते. नावं मराठी राहिली तर ज्याला मराठी कळतं त्याचंच चालणार. तिला कळतं.

५ डिसेंबर

हनुक्का. ऑफिसात सणाचे सुफगानियोत, जॅम भरलेले तळलेले गोळे, आणलेले, हाताला साखर, कीबोर्ड चिकट.

भटकभवानी भिंतीला अडकून पडायची, ते मला आज दुरुस्त करायचं होतं. फाइल उघडली, इंग्रजी 'ए' दाबला. यादीत एक नाव, 'आलेच'. मी लिहिलेलं नाही. चालवून पाहिलं. राक्षसीण भिंतीशी थांबते, वळते, परत मुलीमागे लागते. चोख काम. नोआचं. मला काही विचारावं लागलं नाही तिला.

खरं सांगायचं तर आधी छान वाटलं. मग हिशेब केला. हा खेळ वाचणाऱ्या आता दोघी आहोत, आणि इतानला एक पुरते.

निघताना तो म्हणाला, उद्या सकाळी दोघी माझ्या खोलीत या. कशासाठी, ते नाही सांगितलं. जिन्यात नोआ माझ्यासाठी थांबलेली. पहिल्यांदाच मराठीत बोलली.

"मावशी, भिऊ नको."

म्हणजे भिण्यासारखं काय आहे ते तिला माहीत आहे.