विहिरीवरचा धुण्याचा दगड

पुणे, १२ मे १९८४

तीर्थरूप बाबांच्या पायांशी कुमुदचा नमस्कार.

आंबे पोचले. मी वेळेवर जेवते, आईला सांगा.

कॉलेजच्या कामासाठी इथल्या चर्चची जुनी दफनवही उतरवून घेते आहे. आज आपल्या खाडीवरच्या इंग्रजांच्या कबरस्तानाचं पान निघालं आणि त्यात ही नोंद दिसली. "एमिली, वय अकरा महिने, ताप, १८२६."

बाबा, हेच नाव आपल्या विहिरीवरच्या धुण्याच्या दगडावर आहे! "पडलेलो धोंडो, उचलून हाडलो," असं तो घरी आणल्याबद्दल तुम्ही म्हणायचात. त्यावर बोट फिरवत मी इंग्रजी अक्षरं शिकले, बी.ए. झाले, ते नाव कोणाचं, हे कधी विचारलं नाही.

आईला म्हणावं, त्यावर धुणं आपटू नको. मी आले की तो परत कबरस्तानात नेऊ. एक टोक मी धरेन.

तुमची
कुमुद