साडेआठ सेंटीमीटर ढिलाई

सोमवार, दुपार

तीर्थरूप दादा यांस,

कंबर परवानगी देईल तितकं वाकून नमस्कार. तुमच्या डाव्या गुडघ्याची सूज उतरली असेल आणि वहिनींचा कोरडा खोकला एकदाचा त्यांना सोडून गेला असेल असं गृहीत धरते. (थोरल्या भावाला पत्रात 'तुम्ही' म्हणावं असं आईनं शिकवलं होतं. ते झालं. आता पुढे 'तू'.) फोन न करता पत्र का लिहिते असं तुला वाटेल. एक तर तू फोनवर सगळ्याला 'हो, हो' म्हणतोस आणि ठेवल्यावर वहिनींना विचारतोस की ती काय म्हणत होती. दुसरं म्हणजे आमच्या घरात फोनवरचं बोलणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जातं, आणि हा मजकूर तिथवर जाऊ नये अशी माझी इच्छा आहे.

विषय तुझी गाडी. अकरा वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले आणि तू नवी गाडी घेतलीस, तेव्हा ही म्हातारी माझ्या गळ्यात घातलीस, आठ दिवस शेजारी बसून मला शिकवलंस आणि निघून गेलास. कागदोपत्री ती माझी आहे. पण तिच्यातले सगळे दोष तुझ्या वेळचे आहेत, त्या अर्थानं ती तुझीच. आकारानं कपाटाएवढी, रंगानं कधीकाळी हिरवी, आणि रस्त्यावर दिसली की लोक कौतुकानं हसतात, मग मी दिसले की हसायचे थांबतात. या गाडीमुळे अकरा वर्षांत मला कुणालाही 'जरा सोडतोस का रे' असं विचारावं लागलेलं नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाच, कारण पुढचं सगळं त्याच्यासाठी आहे.

झालं असं, की गेल्या महिन्यात चिरंजीव ऑफिसातून येताना योगायोगानं माझ्या मागे होते. (त्यांची स्वतःची गाडी कुठेही काही जवळ आलं की पिपाणी वाजवते. ज्याला भिंत दिसत नाही त्यानं गाडी चालवावी का, हा प्रश्न मी विचारलेला नाही.) रात्रीच्या जेवणाला त्यांनी जाहीर केलं की मी नागमोडी चालवते. सूनबाईंनी ताटात बघितलं, म्हणजे या विषयावर आधी चर्चा झालेली होती. मग हळूच असं बाहेर आलं की एका हॉटेलवाल्याला अशी जुनी गाडी दारात शोभेला ठेवायची आहे. बॉनेट उघडून आत माती भरायची आणि फुलझाडं लावायची, असा त्याचा बेत. मला लहानपणापासून सगळं ऐकून घ्यायची सवय नाही, तरी ऐकून घेतलं. शेवटी चिरंजीव म्हणाले,

"आई, गाडी ढिली झालीय की तू, ते एकदा ठरवून टाकू."

"ठरवू," मी म्हटलं. "पण मोजून."

मी एकतीस वर्षं वजनमापं तपासली आहेत, दादा. वाण्याच्या तराजूपासून पेट्रोलपंपापर्यंत मी कुणाच्याही शब्दावर विसंबले नाही, ती माझ्या पोटच्या मुलाच्या डोळ्यांवर का विसंबू? आणि नागमोडी हा आरोप मला, जिला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी वहीचा समास वाकडा गेला म्हणून अख्खी वही पुन्हा लिहायला लावली होती. त्यानंतर माझं आयुष्यात काहीही वाकडं गेलेलं नाही. (तुझे मेव्हणे सोडून, आणि तेही शेवटी सरळ झाले.)

दुसऱ्याच दिवशी स्टिअरिंगला चिकटपट्टीचा तुकडा लावला, बाजूला टेप धरली आणि चाक किती फिरवलं की पुढची टायरं हलतात ते पाहिलं. साडेआठ सेंटीमीटर. म्हणजे साडेआठ सेंटीमीटर मी नुसती हवा फिरवत होते आणि गाडीला त्याचा पत्ताच नव्हता. मेकॅनिक लोक याला 'प्ले' म्हणतात. गाडीबरोबर आलेल्या जीर्ण पुस्तकात अडीच चालतो असं लिहिलंय. मी आकडा कागदावर लिहून, खाली सही करून, चिरंजीवांच्या डब्यात ठेवला. संध्याकाळी तह झाला: गाडी दुरुस्त करायची, मग येत्या रविवारी शाळेच्या मागच्या मैदानावर रिकाम्या डब्यांच्या दोन ओळी मांडायच्या, एकेका बाजूला सहा, आणि मधून मी गाडी न्यायची. डबे उभे राहिले तर गाडी माझी. पडले तर दोष माझा, आणि फुलझाडं. अट वाजवी होती. मीच घातली असती.

नीट काम करायचं तर आधीची नोंद हवी, म्हणून दुरुस्तीपूर्वी मी एकटीनंच मैदानावर जाऊन डबे मांडून एकदा चाचणी घेतली आणि आकडा टिपून ठेवला. मग आमच्या मेकॅनिककडे गेले. हा माणूस प्रत्येक वाक्याला 'अंदाजे' लावतो, म्हणून मी मनातल्या मनात त्याला अंदाजराव म्हणते. त्यानं चाक दोनदा हलवलं, "पेटी ढिली झाली अंदाजे" म्हणाला आणि स्टिअरिंगच्या पेटीवरचा स्क्रू आवळून दिला. पाच मिनिटांचं काम. प्ले तीनवर आला. मी खुशीत निघाले आणि कारंज्याच्या चौकात उजवीकडे वळले. वळल्यावर चाक परत येईना. वळलं ते वळलंच. जोर लावावा तर चालत्या गाडीत दोन्ही हातांनी कुस्ती करायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी शांतपणे फिरत राहिले. दुसऱ्या फेरीला वाहतूक पोलिसानं हात दाखवला, तिसरीला त्यानं खाली घेतला, चौथीला सलाम केला. पाचव्या फेरीत चाक सुटलं आणि मी घरी आले.

अंदाजरावांनी याचं जे स्पष्टीकरण दिलं ते मात्र मला आवडलं. पेटीतले दाते मधोमध जास्त झिजतात, कारण माणूस बहुतेक वेळ सरळच जात असतो. कडेचे दाते नवेच्या नवे. मधली झीज भरून काढायला स्क्रू आवळला, की कडेला गाडी अडकते. म्हणजे, दादा, झिजतं ते सरळ चालणाऱ्याचंच. हे वाक्य मी सूनबाईंना जेवताना दोनदा ऐकवलं. त्यांनी दोन्ही वेळा मला आमटी वाढली.

स्क्रू होता तिथे आणला आणि प्ले पुन्हा साडेआठ. म्हणजे रोग पेटीत थोडा, बाकी दुसरीकडे. यासाठी दोन माणसं लागतात: एकानं वर बसून चाक डावीकडे-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्यानं खाली झोपून कुठला सांधा नुसताच लटपटतोय ते बघायचं. दुसऱ्याच्या बघण्यावर माझा विश्वास नाही, हे तुला माहीत आहेच. तेव्हा आठ दिवसांपूर्वी, रविवारी सकाळी, दारातच गाडीखाली जुनी सतरंजी घातली, टॉर्च घेतला आणि मी खाली गेले. चिरंजीव वर. खालून ओरडणं मला शोभत नाही म्हणून एक चमचा नेला होता: एकदा वाजवला की डावीकडे, दोनदा उजवीकडे, तीनदा थांब. तासभर हे चाललं. बाहेर माझी फक्त पावलं होती. समोरच्या बाईंनी सूनबाईंना फोन करून विचारलं की रुग्णवाहिका बोलावली का, की त्यांनी बोलवू. कुरियरवाला आला, त्यानं सहीसाठी वही गाडीखाली सरकवली आणि मी सही करून परत सरकवली. सही न बघताच तो निघाला. त्याला पुढे जायचं असावं.

आणि सापडला. चाकांना जोडणाऱ्या दांडीचं एक टोक पेटीकडे असतं आणि दुसरं समोरच्या बाजूला एका आखूड लोखंडी हाताला. तो हात ज्या पितळी नळीत फिरतो तिला बुश म्हणतात, आपल्या अंगठ्याएवढी वस्तू. चमचा वाजला की अख्खा हात त्या बुशात आधी डुलायचा, विचार करायचा, मग वळायचा. अगदी तुझ्यासारखा. बुश बाहेर काढून मी माझ्या जुन्या वर्निअर कॅलिपरनं मोजला, तर भोक गोल राहिलेलंच नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं. एवढं झिजायला अकरा वर्षं पुरत नाहीत, दादा. एवढं झिजायला चाळीस लागतात. पहिली एकोणतीस कुणाकडे गेली, ते तू शांतपणे आठव.

नवा बुश बाजारात मिळत नाही म्हणून अंदाजरावांनी लेथवाल्याकडे पाठवलं. लेथवाल्यानं मला पाहिलं आणि मशीन बंद केलं. बावीस वर्षांपूर्वी त्याच्या मामाचा तराजू मी सीलबंद केला होता, आणि त्या घरात माझं नाव अजून मुलांना जेवू घालताना काढतात म्हणे. त्यानं तीन वेळा बुश करून दिला. पहिले दोन मी कॅलिपर लावून परत केले. तिसरा असा बसला की हात फिरतो पण डुलत नाही. अंदाजरावांनी पेटीचा स्क्रू किंचितच आवळला, टायरांची हवा सारखी केली आणि स्वतः मैदानावर नेऊन डब्यांमधून गाडी सरळ काढून दाखवली, जाताना एका हातानं कान खाजवत. प्ले दोन सेंटीमीटर. चिरंजीवांनी स्वतः चालवून पाहिली आणि मान्य केलं की गाडीत आता काहीही दोष नाही. मी त्यांना तसं लिहून द्यायला लावलं. कागद माझ्या ट्रंकेत आहे.

तर अशी हकिगत. आरोप खोटा ठरला, माप खरं ठरलं. तुझ्या बहिणीनं साडेआठ सेंटीमीटरच्या गाडीतून अकरा वर्षं कुणाच्या केसालाही धक्का न लावता प्रवास केला हे आता लेखी सिद्ध आहे. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लाव, आणि ती पिशवी फुटकी आहे हे विसरू नकोस.

तुझी धाकटी बहीण
(आजच्या तारखेस वाहनचालक)

ता. क. डब्यांच्या चाचणीचे आकडे द्यायचे राहिले. दुरुस्तीपूर्वी: पडलेले डबे शून्य. दुरुस्तीनंतर, म्हणजे आज सकाळी, मी एकटी असताना: बारापैकी नऊ. शिवाय मैदानाच्या कडेचा एक बाक, पण तो मोजणीत धरलेला नाही.

ता. क. दुसरा. कारण मला समजलं आहे, ते तुलाच सांगते. तू शिकवताना म्हणाला होतास, "हिला आधी थोडं सांगून ठेवावं लागतं, मग ती वळते." मी आजवर दुसरी कुठलीच गाडी चालवलेली नाही. साडेआठ सेंटीमीटर सांगून ठेवायची सवय माझ्या हातांत बसली, आणि आता गाडी पहिल्याच शब्दाला वळते. ढिलाई गाडीतून काढली, माझ्या मनगटातून काढायची राहिली. म्हणजे चिरंजीवांचं आणि माझं, दोघांचंही बरोबर होतं, आणि हे त्यांना कळता कामा नये. तेव्हा तू शुक्रवारच्या आत ये. पुन्हा शेजारी बस आणि पुन्हा शिकव. दोन दिवस पुरतील. घरी सांगायचं कारण तुझा गुडघा: इथल्या डॉक्टरांना दाखवायला आला आहेस. थोडा लंगड. तुझ्या शिकवण्यानं हे झालं आहे, तेव्हा उपकार करतोयस असा चेहरा करून येऊ नकोस.

ता. क. तिसरा. जुना बुश मी टाकलेला नाही. एकतीस वर्षं लोकांची खोटी मापं जप्त केली, पण एकही घरी आणलं नव्हतं. हे पहिलं, माझ्या पर्समध्ये आहे, रुमालात गुंडाळलेलं. तो परत बसवायला किती वेळ लागतो ते मी अंदाजरावांना सहज विचारून ठेवलं आहे. एक तास, अंदाजे. मी शनिवारी दुपारपर्यंत तुझी वाट पाहीन.