शेवटचे सातशे एकोणचाळीस

मंगळवार, चौबे कॉलोनी, रायपूर, संध्याकाळी सात

अजून खरं वाटून नाही राहिलं. सिलतऱ्याच्या आमच्या कारखान्यात मशीनची मॅन्युअलं लिहायला आज दुसरी पोट्टी आली, नागपूरची पल्लवी. इतकी वर्षं मी एकटीच होती. डबा खाताना तिनं हौसेनं नेमणुकीचं पत्र दाखवलं. पगाराच्या शेवटी ७३९.

"एवढा नेमका आकडा कुठून काढला?" मी विचारलं.

"ताई, नेटवर पगाराचा सर्व्हे आहे ना! रायपूरच्या टेक्निकल रायटरची सरासरी. तेवढाच मागितला. एचआरवाल्या दीदी बोलल्या, मार्केट रेट है, ठीक है."

तो सर्व्हे मागच्या वर्षी मीच भरला होता. खरा पगार लिहायची लाज वाटली, म्हणून चांगला फुगवून लिहिला. गोल आकडा खोटा वाटतो, म्हणून शेवटी ७३९ लावले. म्हणजे अख्ख्या रायपुरातून मी एकटीनंच भरला काय? सरासरी म्हणजे मीच?

भट्टीचं तापमान लिहायचं तर मी ऑपरेटर भैयाला तीनदा विचारते. हा आकडा खरा काय, कोणी एकदाही विचारलं नाही. चहा पिता पिता मनानंच रचलेली गोष्ट, अन् तिच्यावर आज कंपनीचा शिक्का! देवाशप्पथ, तोच ७३९!

मग तेवढा पगार मीच काहून नाही मागितला कधी?

उद्यापासून मले पल्लवीले काम शिकवायचं आहे. तिचा पगार ७३९ वर संपतो. माझा खरा आहे, शेवटी तीन शून्यं.