काळाची पूर्णता

३ फेब्रुवारी, सकाळी
निश्चय. सेमिनरीच्या, म्हणजे आमच्या पाद्री घडवणाऱ्या कॉलेजच्या, चर्चासत्रात वाचायचा निबंध आज सुरू. विषय: बायबलमधला काळ आणि इतिहास. यावर माझ्याइतकं इथे कुणी वाचलेलं नाही. निबंध वाचला की नोकरी कायम आणि कॅम्पसवरचं क्वार्टर आपलं, असं प्राचार्य म्हणालेत. पेन्सिलींना टोकं काढली.

६ फेब्रुवारी
सुरुवात नाही. याला आळस म्हणणं अडाणीपणा. अभ्यासक सांगतात, घड्याळाचा काळ वेगळा आणि देवाने नेमलेली घटका वेगळी. बायबलमधल्या पत्रात प्रेषित पौलाने 'काळाची पूर्णता' एवढंच म्हटलंय, तारीख दिलेली नाही. ती पूर्णता झाली की निबंध आपोआप उतरेल. बायको म्हणाली, तोवर गळका नळ बघ. तोही पूर्णतेची वाट बघतोय.

१० फेब्रुवारी
प्राचार्यांनी जिन्यात गाठलं. निबंध झाला का? झाला, म्हणालो. ही थाप नव्हे. पुढे घडणारी गोष्ट अटळ असेल तर बायबलमधले संदेष्टे ती घडून गेल्यासारखीच सांगतात. बाबेल नगरी पडली म्हणाले तेव्हा ती चांगली उभी होती. माझा निबंधही अटळ आहे. प्राचार्यांनी लगेच कार्यक्रमपत्रिका छापायला टाकली. घरी येताना दोनदा चुकीच्या गल्लीत वळलो. चहा जास्त झाला असावा.
घरी बायकोला त्याच सुरात सांगितलं, कायम झालो. ती रडलीच. उद्या नीट समजावतो.

१३ फेब्रुवारी
समजावायचं राहिलं. तेवढ्यात तिने घरमालकाला जागा सोडतो म्हणून सांगून टाकलं, आणि त्या बाबाने नवा भाडेकरूही ठरवला. लगेच पहिली ओळ लिहिली: 'बायबलमधला काळ चाकासारखा फिरत नाही, तो मुक्कामाकडे चालतो.' पुढे सुचेना.

१७ फेब्रुवारी
बायको म्हणाली, निबंध वाचून दाखव. मी म्हणालो, देवाचं राज्य आलेलं आहे आणि अजून यायचंही आहे, आपण मधल्या काळात आहोत, असं मोठेमोठे विद्वान मानतात. निबंधाचंही तसंच. ती खोक्यांत भांडी भरत होती. थांबली.
"नोकरीचंही तसंच का?"
मी संदर्भ शोधायला आतल्या खोलीत गेलो. भीती वाटते आहे. उद्या एका बैठकीत निबंध संपवायचा. पक्कं.

२० फेब्रुवारी, दुपारी
चर्चासत्र झालं. हातात जाडजूड गठ्ठा, वरचं पान सोडून सगळा कोरा. पहिली ओळ वाचली. पाणी प्यायलो. पुन्हा पहिली ओळ वाचली. मागे कुणीतरी खोकलं. पुढच्या रांगेत बायको होती, तिने मान खाली घातली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
नंतर प्राचार्यांनी खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मायेचा.
"सर, तुमची नेमणूक झालेली आहे. पण अजून नाही."


२१ फेब्रुवारी, सकाळी
बायको रागावलीसुद्धा नाही. ते जास्त वाईट. सामान तिच्या भावाकडे जाणार, तिने कालच त्याला विचारून ठेवलं. दाराशी नव्या भाडेकरूचा टेम्पो उभा आहे. काळाची पूर्णता झाली.
निबंधाची दुसरी ओळ आत्ता सुचते आहे. पण बायको म्हणते, ऊठ, टेबल घरमालकाचं आहे.