दोन डाव्या बाह्या

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. दाजींनाही नमस्कार (पत्र मोठ्याने तेच वाचणार, तेव्हा त्यांचा त्यांना पोचलाच). तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींना मध्येच खोकला आला तर त्यांनी पाणी पिऊन मग पुढे वाचावं.

दाजींनी विचारलंय, पोरीला माझ्याकडे शहरात कामाला पाठवावं की आलेल्या स्थळाला होकार द्यावा. माझं ऐकाल तर अजिबात पाठवू नका. इथे डोक्याचा भुगा होतो. एका खोलीत आम्ही पाचजणी. एकीने कूस बदलली की पाचहीजणींनी बदलायची, नाहीतर कडेची स्टोव्हवर जाते (कडेची मीच). नळाला पाणी वीस मिनिटं, त्यातली पंधरा पहिली बादली कुणाची या भांडणात जातात. आणि शिवणकामाचं म्हणाल, तर कारखान्यात आठ महिने मी शर्टाला डावी बाही लावतेय. फक्त डावी. उजवीवाली वेगळी, कॉलरवाली वेगळी; पूर्ण शर्ट मी रस्त्यावरच्या लोकांच्या अंगावरच बघते. परवा घरमालकीणबाईंनी मोठ्या विश्वासाने गाऊनचं कापड दिलं (गावात मी डोळे मिटून कपडे शिवायचे, ही फुशारकी माझीच). हाताची मेली सवय, दोन्ही बाह्या डाव्या झाल्या. बाईंनी गाऊन घातला तर उजवा हात पुढेच येईना. त्याच अवस्थेत त्यांनी मला तासभर झापलं. खोली जाता जाता राहिली.

एवढं ऐकूनही पाठवायचं असेल तर तुमची मर्जी. माझा तरी स्पष्ट नकार आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. : दाजी सहीपर्यंत वाचतात आणि कागदाची घडी करून तुझ्याकडे देतात, म्हणून हे पाठीमागे लिहितेय. पोरीकडून वाचून घे, दार लावून. दाजींनी आजवर माझं एक तरी ऐकलंय का? विहिरीला कठडा बांधा म्हटलं तर गोठा बांधला. तेव्हा तूही नकोच म्हण, जमलं तर रडून म्हण. चार दिवसांत ते स्वतः तिला गाडीत बसवून देतील.

आणखी एक ता. क. : पोरी, वाचतेच आहेस तर ऐक. तुझ्या वयात स्थळाला नाही म्हणायचं मला सुचलं नाही, त्याचं अजून वाईट वाटतं. सुपरवायझरबाईंच्या हातापाया पडून उजव्या बाहीचं मशीन तुझ्यासाठी धरून ठेवलंय. लवकर ये. मालकीणबाई अजून एका हातानेच दार उघडतात.