दादाला धरायचं कसं

४ फेब्रुवारी, मंगळवार

मनगट सुजलंय, म्हणून अक्षर असं. आज पुन्हा! दूध तापवत होते. मागून आवाज आला — धप्, धप्. दादा बाथरूमच्या दाराशी उभा आणि उजव्या मुठीने स्वतःच्याच गालावर, कानशिलावर मारतोय. तोंडाने तो एकच सूर, लांबच लांब. हात धरायला गेले तर असा हिसडा दिला की मी थेट फ्रीजवर. वरची बरणी खाली. काचाच काचा. आता काचा वेचू की ह्याला आवरू?

पंचेचाळीस वर्षांचा बाप्या. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून दादा. बोलणं कधी आलंच नाही. वॉशिंग मशीनचं फिरणं बघत बसायचं आणि खुश राहायचं, एवढंच त्याचं सुख. आई गेली आणि महिनाभरात हे मारून घेणं सुरू झालं. आई एवढीशी, त्याच्या खांद्याला लागायची. ती असताना एकदाही नाही मारलं त्याने स्वतःला.

खालच्या मजल्यावरच्या काकू धावत वर आल्या. काचा वेचता वेचता म्हणाल्या, "अगं, त्याला आई हवीय. ती तू कुठून आणणार?"

कुठून आणणार!

९ फेब्रुवारी, रविवार

शुक्रवारी मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टेबलापलीकडूनच पाहिलं. परक्याचा हात लागला की दादा कसा बिथरतो ते त्यांनी मागे एकदा अनुभवलंय. "दुःख आहे. सांगता येत नाही, म्हणून असं बाहेर पडतंय," म्हणाले. गोळी वाढवली. चेहऱ्यावर जरा सूज येईल, घाबरू नका.

आज मामा ती संस्था दाखवायला घेऊन गेला, दादासारख्यांना कायमचं ठेवून घेतात ती. स्वच्छ भिंती. फिनेलचा वास. पलंग जमिनीत बोल्ट ठोकून बसवलेले. खिडकीशी एक माणूस खुर्चीत, कमरेभोवती चादर, गाठ मागे मारलेली. "हे काय?" मी विचारलं. "पडू नयेत म्हणून," तिथली बाई म्हणाली. त्याचे हातही बांधलेले होते. हातांनी कोण पडतं?

परतताना मामा म्हणाला, "पोरी, तुला तुझं आयुष्य आहे की नाही?"

नाही, म्हणणार होते. "बघू," म्हटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसात सगळ्यांची खात्री झालीय की मला नवरा मारतो. आणि मला नवराच नाही! कुजबुज ऐकून हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. मी फोनवर असते. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की आतलं लाल बटण दाबतं आणि घंटा माझ्या टेबलावर वाजते. "घाबरू नका, माणूस निघालाय." दिवसभर हेच. माणूस बऱ्याचदा निघालेला नसतो.

आमच्या मिस्त्रीने आज मनगट पाहिलं. हातातली पेटी खाली ठेवून थांबला. त्याला सगळं सांगून टाकलं. ह्यालाच का, देव जाणे. ऐकून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला मारायचं नाहीये ना? नुसतं धरायचंय?"

"हो."

"मग आमच्या क्लासला या. ब्राझिलियन जिउ जित्सू. ठोसे नाहीत, लाथा नाहीत. सगळं जमिनीवर. धरायचं, सुटायचं, परत धरायचं. ताकदवानाला कमी ताकदीने कसं थोपवायचं, तेच शिकवतात."

त्याचे कान त्या क्लासनेच तसे झालेत म्हणे — चुरगळून फेकलेल्या कागदासारखे. इतकी वर्षं मला वाटत होतं जन्मजात आहेत.

वेड लागलंय मला. जाणार आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

टायरच्या दुकानावरचा हॉल. निळ्या गाद्या भिंतीपासून भिंतीपर्यंत. सगळ्यांच्या अंगात जाड पांढरे अंगरखे, मला कुणाचा तरी जुना दिला. धुतलेला, पण वास गेलेला नाही. माझ्या निम्म्या वयाची पोरंपोरी. मी म्हणजे त्यांच्या आईची मैत्रीण!

जोडीला एक फार्मसी शिकणारी मुलगी. सगळे तिला चिमणी म्हणतात. ही चिमणी माझ्या पोटावर बसली आणि मला हलता येईना. दम कोंडला. नको झालं की हाताने दोनदा थोपटायचं, समोरच्याने तिथल्या तिथे सोडायचं — हा पहिला नियम. मी एवढं थोपटलं की सगळे वळून बघायला लागले.

नंतर संडासात जाऊन रडले. बाहेर शिकवणारे सर उभे. "ताई, दमलात की घाबरलात?"

"दोन्ही."

"मग जमेल."

दादाजवळ काकू बसल्या होत्या. मशीनमध्ये दोन चादरी फिरत ठेवल्या होत्या. एकदाच मारून घेतलं म्हणाल्या. "एकदाच" हे आता चांगल्या बातमीत मोजायचं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अंगाचा एक सांधा दुखायचा राहिलेला नाही. पाठीवर हात फिरवायला कुणी नाही हे आजच कळलं असं नाही.

२ मार्च, रविवार

क्लासचे फायदे झालेत, खोटं का बोलू. बाजारातून येताना जिन्यावर पाय सटकला, दोन्ही हातांत पिशव्या. हनुवटी आपोआप छातीशी गेली, पाठ गोल झाली. पडले, उठले, घरी आले. एकही हाड मोडलं नाही. पूर्वीची मी असते तर मनगट गेलं असतं. झोप लागते — मेल्यासारखी. कुणाचं वजन अंगावर असताना श्वास कसा सोडायचा ते कळलंय, लांब, हळू. काल लिफ्टमधून एक बाई किंचाळत होती तेव्हा तिला तसाच श्वास घ्यायला लावला. शेवटी तीच मला म्हणाली, "तुम्ही ठीक आहात ना?" अडकलेली ती!

काकू म्हणतात, तब्येत सुधारली तुझी.

ह्याची नाही सुधारत. सफरचंद म्हणजे जीव की प्राण होता, आज फोड तोंडात घातली आणि थुंकली. आई कापून द्यायची, तशा फोडी मला जमत नसतील. गार पाण्याचा पेला भिंतीवर फेकला. माझ्या हातचं काहीच नको असं दिसतंय. मी कोण लागते त्याची? नुसती बहीण.

७ मार्च, शुक्रवार

सरांना आज दादाबद्दल सांगितलं. ते खाली गादीवर बसले. मग म्हणाले, "तो 'थांब' कसं सांगतो?"

"नाही सांगत. बोलत नाही तो. थोपटणं वगैरे समजणार नाही त्याला."

"मग नीट ऐका. आमच्याकडे समोरचा 'बस' म्हणू शकतो, म्हणून हा खेळ आहे. त्याच्या छातीवर वजन टाकायचं नाही. कधीच नाही. पालथं पाडायचं नाही. गळ्यापाशी हात न्यायचा नाही. बसवून, मागून धरायचं. तुमचं डोकं त्याच्या डोक्याला चिकटवून, म्हणजे तो मान झटकू शकणार नाही, आणि त्याचा श्वास तुम्हाला ऐकू येईल. शांत झाला की सोडायचं."

तेवढं एकच मला शिकवतात आता. बाकीचे पुढे गेले. सरावाला मिस्त्री दादा होतो. फार मनापासून होतो — हिसडे देतो, ओरडतो. एकदा चिमणीला हसू फुटलं, मग तिचं तीच ओशाळली.

११ मार्च, मंगळवार

दादाच्या उजव्या कानातून रक्त. त्याच्याच नखाने.

१५ मार्च, शनिवार

जमलं!

धप् आवाज आला तशी गेले. मागून. दोन्ही हात त्याच्या काखांखालून, मनगटं पकडली, त्याला घेऊन हळूच खाली बसले, पाय त्याच्या मांड्यांवर. डोक्याला डोकं. तो केवढा, मी केवढी! ओरडला, रेटा दिला, मला घेऊन अर्धा उठलासुद्धा. मी सुटले नाही. हळूहळू अंग सैल पडलं. त्याला ओरखडा नाही, मला नाही. मशीनसमोर दोघं बसून राहिलो, रिकाम्या मशीनसमोर. मी त्याच्या कानाशी काहीबाही बोलत होते — आई म्हणायची तसलं.

मग त्याने तो सूर लावला. रागाचा नव्हे. बारीक. तासभर.

हात धरून ठेवले, ते आतलं कुठे धरता येतंय?

२४ मार्च, सोमवार

आता रोज धरते. कामाला जायच्या आधी, आल्यावर. मधल्या वेळी काकू असतात. तो मारतो, मी धरते, तो थकतो, मी सोडते, तो मारतो. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, पकड एकदम पक्की झालीय तुमची." पक्की होऊन काय करू? विहिरीतून चाळणीने पाणी काढायला दंड कमावलेत.

चेहरा एका बाजूने सुजलाय. गोळ्यांनी. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, सांगितलं होतं मी.

दूधही अर्धंच पितो. पँट कमरेतून ढिली झालीय.

आज त्याला धरून बसले असताना वाटलं, दोघांचाही श्वास इथेच थांबला तर कुणाचं काय अडेल? काकूंचं अडेल थोडं. मशीन बंद करायला त्यांना वर यावं लागेल.

असं लिहू नये. लिहिलं.

३० मार्च, रविवार

मामाचा फोन. संस्थेत जागा झालीय. झालीय म्हणजे कुणीतरी गेलं असणार. शनिवारपर्यंत आणा, नाहीतर दुसऱ्याला देतील.

"हो," म्हटलं.

एवढा सोपा शब्द! मामा पलीकडे रडला. आईचा भाऊ तो. म्हणाला, "ताईला काय तोंड दाखवू?" मग लगेच, "नाही, नाही, बरोबर करतेयस तू." मी फोन ठेवला आणि मशीन लावलं. दादाचेच कपडे धुवायला टाकले, बरोबर द्यायला. तो समोर बसून ते फिरताना बघत होता. गालावर तळहात ठेवून, शहाण्या मुलासारखा.

१ एप्रिल, मंगळवार

क्लासला गेले. कशाला, माहीत नाही. सरांना सांगितलं, शेवटचा दिवस, आता गरज नाही. सर म्हणाले, "गरज संपली तरी या." नाही म्हटलं. तो अंगरखा घडी करून ठेवला. चिमणीने मिठी मारली. तिच्याही अंगाला तोच वास.

संस्थेतल्या बाईंना फोन करून विचारलं, हात बांधता का. म्हणाल्या, "फक्त गरज पडेल तेव्हा."

३ एप्रिल, गुरुवार

सुसंगत लिहिता येईल का बघते.

सकाळी धरलं. नेहमीसारखं, मागून. आज त्याने फार जोर केला, माझं डोकं घसरलं आणि गालाला गाल लागला. त्याचा उजवा गाल. चटका बसला! तापलेल्या इस्त्रीजवळ गाल न्यावा तसा. कपाळ पाहिलं — कोमट. दुसरा गाल — गार. मग तो ओरडला, माझ्या तोंडाशीच त्याचं तोंड, आणि वास आला. सडल्याचा. इतक्या जवळ इतके दिवस होते, पण नेहमी त्याच्या डाव्या बाजूला डोकं असायचं माझं. शिकवलं तसं.

एक मनगट सोडलं. म्हटलं, घे, मार. त्याने नाही मारलं. माझा हात पकडला, ओढला, आणि माझी बोटं स्वतःच्या जबड्यावर दाबली. खाली, मागे. दाबली आणि तो सूर लावला.

काकूंना हाक मारली. किती मोठ्याने, मला कल्पना नाही, समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत आले. मिस्त्री कंपनीची गाडी घेऊन आला. दवाखान्यात दादा बिथरला, तेव्हा मिस्त्रीने आणि मी मिळून धरलं — बसवून, छाती मोकळी ठेवून — आणि त्यांनी भुलीची सुई दिली. तिथली नर्स म्हणाली, "तुम्ही कुठल्या हॉस्पिटलात काम करता?"

५ एप्रिल, शनिवार

दाढ काढली. मुळाशी पू, जबड्याच्या हाडापर्यंत. दातांचे डॉक्टर म्हणाले, कित्येक महिन्यांचं आहे, भलाभला माणूस गडाबडा लोळला असता एवढ्याने. मामाला सांगितलं, आणत नाही.

कालपासून एकदाही मूठ नाही. झोपलाय. हात उघडे, उशीवर.

जागा दाखवत होता तो. इतके महिने, रोज, न चुकता. आणि मी त्याचे हात धरायला शिकत होते.