गच्चीवरची छोटी टाकी

४ डिसेंबर
माधवीताईंचा पुण्याहून फोन. त्यांच्याकडेच काचेचे मणी करायला शिकले, तिथेच सहा वर्षं काम केलं. आईचा खुबा मोडला म्हणून सोलापूरला आले ती आलेच. ताई म्हणाल्या, "तुझी जागा अजून रिकामी ठेवलीय. पण संक्रांतीपर्यंत सांग बाई, नाहीतर दुसरी मुलगी घ्यावी लागेल."
सांगते म्हटलं. आईजवळ काही बोलले नाही.
हात विसरत चाललेत. आज पोळ्या करताना लाटणंच बोटांत गोल गोल फिरवत बसले, काचेची कांडी फिरवतात तसं. तव्यावरची पोळी करपली.

५ डिसेंबर
पुण्याला जायचं की नाही ते नंतर. आधी हात चालू झाले पाहिजेत. गच्चीवर पत्र्याची शेड आहे, तिन्ही बाजूंनी उघडी. बर्नर माझा स्वतःचा आहे, साध्या हवेवर चालणारा, ऑक्सिजनची भानगड नाही. कपाटात जुन्या साडीत गुंडाळलेला. कांड्या आहेत, निळ्या जास्त. नाही ती फक्त गॅसची टाकी.
आईला म्हटलं, वर टॉर्च लावणार आहे. बर्नरला आम्ही टॉर्चच म्हणतो.
"लाव की. लई अंधार असतोय वर."
मग नीट समजावलं, गॅस, ज्योत, सगळं. तोंडच उतरलं. "न्हाय. घरात आनिक टाकी न्हाय आनायची." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तिच्या लहानपणी माढ्याला शेजारच्या घरात स्टोव्हचा भडका झाला होता, ते आठवलं असणार.

८ डिसेंबर
गॅस एजन्सीत जाऊन आले. घरातली लाल टाकी धंद्याला चालत नाही, हे माहीतच होतं. हॉटेलवाले वापरतात ती मोठी घ्यायची तर आमच्या जिन्यावरून नेणार कोण? शुक्रवार पेठेतले जिने म्हणजे भिंतीला टेकवलेल्या शिड्या.
पण मोठीचा एक गुण. दाब टिकतो. छोटीतून जोरात गॅस ओढला की टाकी गार पडते, ज्योत बसते. ज्योत बसली की काच धुरकट. माझा बर्नर किती गॅस खातो कोण जाणे. पुण्यात टाकी बाहेर असायची, मी कधी ढुंकूनही पाहिलं नाही.

९ डिसेंबर
बाजारात एका दुकानात लाल-पिवळी गोजिरवाणी टाकी पाहिली. अगदी हातात धरून नेण्यासारखी. "हितंच भरून देतो, कागद न्हाय काय न्हाय." मोह झाला.
येताना गल्लीच्या तोंडाशी रफिकभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात थांबले. ऐकूनच त्यांनी हातातला हातोडा खाली ठेवला. "वो नक्को लेव बहन. बडी टाकी उलटी करके छोटी में भरते वो लोगां. वॉल्व का कुछ भरोसा नहीं. एजन्सी का सील रहना."
बरं झालं विचारलं.

१३ डिसेंबर
पुन्हा एजन्सी. पाच किलोच्या दोन जाती. एक फायबरची. हलकी, उजेडात धरली तर गॅस किती उरलाय ते बाहेरून दिसतं. जीव जडला होता. पण काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, बदलून मिळेल का, ते सांगता येत नाही. आज आहे, उद्या नसेल." काम मध्येच अडकून कसं चालेल.
लोखंडी घेतली. ओळखपत्र दाखवलं, सही केली. रिक्षातून आणली आणि जिना एकटीने चढवली. दोनदा टेकले.
आई दारातून बघत होती.

१४ डिसेंबर
जेवताना आई एकदम, "ल्हान का आनलीस?"
"उचलायला बरी पडते."
"म्हंजे उचलून न्यायला. पुन्याला जायाचं हाय ना? फोनवर बोललीस त्ये ऐकलंय म्या."
मला वाटलं होतं, ती आगीला भिते. तसं म्हटलंही.
"भ्याव तर वाटतंयच की. पन मोठी आनली असतीस तर येवढी झोप उडली नसती माजी. मोठी टाकी कोन घेऊन जातंय?"
ठरलं नाही म्हटलं. खरंच ठरलेलं नाही. तिने माझ्या ताटात भाकरीचा तुकडा वाढला, मी नको म्हणत असताना.

१७ डिसेंबर
रफिकभाईंनी रेग्युलेटर, पाइप आणि आग मागे येऊ न देणारी झडप बसवली. टाकी शेडच्या बाहेर, सावलीत, उभी. गॅस जड असतो, खाली साठतो, म्हणून खळग्यात किंवा बंद जागेत ठेवायची नाही.
मग साबणाचा फेस करून प्रत्येक जोडाला लावला. मागे काठीचा आवाज. आई! खुबा मोडल्यापासून गच्चीवर आली नव्हती. धाप लागलेली. बसायला खुर्ची दिली तर नको, वाकून वाकून बघतेय.
"त्यो बघ. फुगा आला."
खरंच. रेग्युलेटरपाशी एक बारीकसा बुडबुडा. आम्हा दोघांना दिसला नव्हता. रफिकभाईंनी जोड उघडून पुन्हा आवळला. परत फेस. आईचं समाधान होईपर्यंत परत परत फेस.
"अम्मा की नजर तेज है," म्हणाले. ती हसली. किती दिवसांनी.

१९ डिसेंबर
सकाळी ज्योत लावली. निळी, सरळ. डोळ्यांत पाणी आलं, चष्म्याआड बरं लपलं.
पण थोड्या वेळाने बसली. टाकीला घाम. थंडी आहे आणि मी मोठा मणी करायला गेले. टाकीला शेक बिक द्यायचा नाही, हे रफिकभाईंनी बजावलंय. बंद केलं.
दुपारी ऊन आल्यावर, छोटे मणी. ज्योत टिकली! मध्ये मध्ये थांबायचं, एवढंच. छोट्या टाकीचा छोटा हिशोब.

२० डिसेंबर
कालचे सगळे तडकले. भाकरी करून विकणाऱ्या मावशींकडून चुलीची राख आणली होती, पण ती वापरेपर्यंत थंड झालेली. मणी हळू निवायला हवा. उद्या राख तापवून घेते.
आई म्हणाली, "माज्या पयल्या भाकरी बी तडकायच्या."

२३ डिसेंबर
राखेतून सात काढले. सहा अखंड. निळे, डोळ्यात भरणारे. आईने एक उन्हात धरला, फिरवला, पदराला पुसला. मला वाटलं गळ्यात घालणार.
"दादाच्या शेळ्यांना दे. दिष्ट लागत न्हाय."
सहा वर्षांची कला मामाच्या शेळीच्या गळ्यात! हसून हसून पोट दुखलं. दिले.

२ जानेवारी
केमहून मामाचा फोन. "आगं, शेळ्या बघायला येत्यात अन् मनी बगून जात्यात लोकं. आनिक कर की. ह्या खेपेला पैसे घ्यायचे."
आईने फोन माझ्या हातातून घेतला. "दादा, रंग कंचा पायजे त्ये ईचार समद्यास्नी."
म्हणजे कारखान्याची मालकीण कोण ते ठरलं.

८ जानेवारी
ताईंना अजून फोन केलेला नाही. दोनदा नंबर काढला, ठेवला. तिथे मोठी भट्टी आहे, ताई आहेत, शिकायचं किती राहिलंय. इथे माझा स्वतःचा रंग यायला लागलाय. दोन्ही खरं.
रफिकभाई मोजपट्टी घेऊन गच्चीवर आले. टाकी वाऱ्याने पडू नये म्हणून लोखंडी चौकट करून देतो म्हणाले. "बोलो बहन, भिंतीत पक्की करू, के चाकां लगाऊं?"
आई खुर्चीत शेंगा सोलत होती. वर न बघताच म्हणाली, "चाकं लाव. पन त्येला बिरेक बी लाव."
रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी खडूने फरशीवर चार खुणा केल्या.